अक्कलदाढ इंदुरात ठणकली तर : चूळ, गुळणी आणि एक्स-रे

घर सोडायचं वय आणि अक्कलदाढ यायचं वय एकच असतं, साधारण १७ ते २५. म्हणून भंवरकुआँच्या कोचिंगला, विजय नगरच्या कंपनीत किंवा सिमरोलच्या आयआयटीत नुकतंच आलेलं एखादं मराठी पोर रात्री फोन करून "ताई, गाल सुजलाय" म्हणतं, तेव्हा मला नवल वाटत नाही. फोन माझ्याकडे येतो, कारण आमच्या ओळखीपाळखीत या विषयातली सगळ्यांत जास्त फजिती माझी झाली आहे.

साताऱ्याहून इंदुरात आले तेव्हा मी २३ वर्षांची होते. दाढ ठणकायला लागली ती नेमकी रंगपंचमीला. ज्यांनी इंदूरची रंगपंचमी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते : राजवाड्यावर गेर म्हणजे रंगांची मोठी मिरवणूक निघते, शहराला सुट्टी असते आणि दंतवैद्यही रंगात न्हाऊन घरी झोपलेले असतात. रामबागेतल्या माझ्या घरमालकीण आजींनी एक लवंग दिली. "रडून कशाला राहिलीस, दाढेखाली धर," म्हणाल्या. मला एका लवंगेनं भागेना. लवंग तेलात कापूस बुडवून दुपारभर हिरडीवर दाबून धरला. संध्याकाळी हिरडी पांढरी पडली, सोलवटली. मग रात्री उघड्या सापडलेल्या एका दुकानातून सगळ्यांत झोंबणारा माउथवॉश आणला, कारण जितकं झोंबेल तितकं औषध लागू पडतं असा माझा समज होता. भाजलेल्या हिरडीवर तो पडला तेव्हा काय झालं ते लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आत पाहून पहिला प्रश्न विचारला, "दाढेनं काय केलं ते कळलं. हे बाकीचं कुणी केलं?"

मी डॉक्टर नाही. पण त्यानंतर माझ्या दोन दाढा काढाव्या लागल्या, आणि भाचरं, भाडेकरू, मैत्रिणीची मुलं अशा बऱ्याच जणांबरोबर दवाखान्याच्या बाकावर बसले. या सगळ्यातून एक गोष्ट पक्की झाली : माउथवॉश दाढ बरी करत नाही, तो मुदत वाढवून देतो. कर्जाच्या मुदतवाढीसारखाच. ती मुदत संपायच्या आत एक्स-रे काढून डॉक्टरांसमोर बसायचं असतं. पुढचं सगळं त्याच हिशेबानं वाचा.

पहिली पायरी : आरशासमोर उभे राहा

मोबाइलचा टॉर्च लावा, तोंड उघडा आणि शेवटच्या दाढेच्याही मागे बघा. दाढ अर्धी वर आलेली आणि तिच्यावर हिरडीची एक झडप पसरलेली दिसते का? झडप लाल, फुगलेली, दाबली की दुखणारी, कधी तिच्याखालून कडवट पू येणारा? बहुतेक वेळा दुखणं तिथलंच असतं. झडपेखाली अन्न अडकतं, तिथे ब्रश पोचत नाही, जंतू वाढतात आणि हिरडी सुजते. सुजलेली झडप वरच्या दाढेखाली चावली जाते, म्हणून आणखी सुजते. इंदुरात या अडकण्याला एक खास स्थानिक मदत आहे : पोह्यांवरची शेव. सकाळी उभ्या उभ्या खाल्लेल्या पोह्यांतली बारीक शेव आणि जिरावन मसाला त्या खिशात जाऊन बसला की संध्याकाळपर्यंत ठणका सुरू.

आता दुखण्याची जात ओळखा. सतत ठणका असेल, गिळताना त्या बाजूला दुखत असेल, तोंडाला वास येत असेल, तर हिरडी. गार पाण्यानं किंवा गोडानं झिणझिण्या येऊन शिवशिवत असेल, तर कीड. ही कीड अक्कलदाढेलाच असेल असं नाही. आडवी वाढणारी अक्कलदाढ पुढच्या दाढेला टेकून राहते, मधल्या फटीत अन्न कुजतं आणि बिचारी पुढची, चांगली दाढ किडते. रात्री आडवं झाल्यावर आपोआप कळा येत असतील, तर कीड दाताच्या आतल्या नसेला जाऊन पोचली असण्याची शक्यता जास्त. आणि नुसता कान दुखत असेल तरी एकदा दाढ बघाच. खालच्या दाढेचं दुखणं कानात उमटतं. माझा एक भाचा आठवडाभर कानात थेंब घालत बसला होता.

एक छोटी चाचणी आहे. आपली तीन बोटं एकमेकांना चिकटवून, उभी धरून समोरच्या दातांमध्ये घाला. एरवी बहुतेकांची तिन्ही जातात. दोनच जात असतील तर लिहून ठेवा, डॉक्टरांना सांगायचंय. एकच जात असेल तर खालचा 'सकाळची वाट बघू नका' हा भाग आधी वाचा. दाढेच्या सुजेनं जबड्याचे स्नायू आखडतात आणि तोंड उघडेनासं होतं, ते चार-सहा दिवसांत होतं. पण तोंड गेल्या कित्येक महिन्यांपासून हळूहळू कमी उघडत असेल, तिखट झोंबत असेल आणि सुपारी, गुटखा किंवा पाऊचची सवय असेल, तर ती वेगळी गोष्ट आहे. तिला तोंडातल्या आवरणाचं कडक होणं म्हणतात आणि त्यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो. तेही त्याच भेटीत लाजू नका, सांगा.

मधली पायरी : हिंदीत कसं सांगायचं

इंदुरात मराठी बोलणारे दंतवैद्य पुष्कळ आहेत. लोकमान्य नगर, सुदामा नगर, राजेंद्र नगर या बाजूला नुसती पाटी वाचलीत तरी कळेल. पण सगळीकडे ते मिळतीलच असं नाही, आणि दुखत असताना परक्या भाषेत शब्द सुचत नाहीत. म्हणून एवढे खिशात ठेवा. ठणका म्हणजे तिकडे 'टीस'. शिवशिवणं म्हणजे 'ठंडा-गरम लगना' किंवा 'झनझनाहट'. हिरडी म्हणजे 'मसूड़ा'. गिळताना त्रास होतो म्हणजे 'निगलने में तकलीफ़'. दात भरण्याला 'मसाला भरना' म्हणतात. डॉक्टर "मसाला भर देंगे" म्हणाले तर घाबरू नका, जिरावन नव्हे. केसपेपरला 'पर्ची' म्हणतात आणि बधिर करण्याला 'सुन्न करना'.

सगळ्यांत कामाची जोडी मात्र 'कुल्ला' आणि 'गरारे'. आपण मराठीत दोन्हीला सर्रास गुळण्या म्हणतो. गरारे म्हणजे मान मागे टाकून घशात खळखळ करणं. कुल्ला म्हणजे चूळ, पाणी गालात फिरवणं. दाढेला चूळ हवी असते. घशात कितीही खळखळ केलीत तरी त्या झडपेखालचा शेवेचा कण जागचा हलत नाही. औषधाच्या बाटलीवर 'गार्गल' लिहिलेलं असलं तरी दाढेसाठी ते गालातच फिरवायचं.

आजची रात्र काढायची आहे

प्रथम कोमट मिठाचं पाणी. पेलाभर, म्हणजे सुमारे २५० मिली, उकळून कोमट केलेलं पाणी आणि त्यात अर्धा चहाचा चमचा मीठ. यापेक्षा खारट केलं म्हणून जास्त गुण येत नाही, उलट हिरडी चुरचुरते. घोट घ्या, मान दुखऱ्या बाजूला कलती करा, अर्धा मिनिट तसंच राहू द्या, मग गालानं हळूहळू ढवळा आणि सोडा. पेला संपेपर्यंत. दिवसातून चार-पाच वेळा, विशेषतः खाल्ल्यावर लगेच. हे इतकं साधं आहे की कुणी मनावर घेत नाही, आणि पहिल्या दोन दिवसांत सगळ्यांत जास्त आराम यानंच पडतो. मिठात काही जादू नाही, अडकलेलं धुऊन निघतं हे खरं काम.

दुखतं म्हणून त्या बाजूला ब्रश करणं थांबवू नका. मऊ ब्रश घ्या, लहान मुलांचा मिळाला तर उत्तम, त्याचं डोकं बारीक असतं आणि मागे पोचतं. तोंड अर्धंच उघडा. पूर्ण वासलं की गाल ताणला जातो आणि मागे जागाच उरत नाही. थोडं रक्त आलं तर येऊ द्या.

गोळी. निरोगी प्रौढ माणसाला दाढदुखीवर आयब्युप्रोफेन ४०० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम ही जोडी चांगली चालते, नुसत्या एका गोळीपेक्षा चांगली. जेवणानंतर घ्या, दोन वेळांत सहा ते आठ तास जाऊ द्या. दुकानात दोन्ही एकत्र असलेली गोळीही मिळते. ती घेतली असेल तर वरून वेगळं पॅरासिटामॉल घेताना बेरीज करा. सर्दीच्या गोळीतही ते असतंच, आणि सगळं मिळून दिवसाला ४ ग्रॅमच्या वर कधीच जायचं नाही. ज्यांना पोटात अल्सर, किडनीचा आजार किंवा गोळीनं उठणारा दमा आहे, जे रक्त पातळ करायचं औषध घेतात, ज्या गरोदर आहेत, त्यांनी आयब्युप्रोफेन स्वतःच्या मनानं घेऊ नये. पावसाळ्यानंतर आणखी एक पथ्य : अंगात ताप असेल आणि डेंग्यूची शंका असेल, तर ती फिटेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल.

लवंग चालेल. एक अख्खी लवंग दाढेजवळ धरून सावकाश चावा. तिच्यातलं युजेनॉल हिरडी थोडी बधिर करतं. निव्वळ लवंग तेल कापसावर घेऊन तासन्‌तास धरू नका, माझी गोष्ट वर आहेच. अ‍ॅस्पिरीनची गोळी हिरडीवर ठेवायची हा आणखी एक घरगुती उपाय फिरतो, त्यानं तर आवरण जळतंच. बाहेरून शेकायचं झालं तर सुजेवर गार पट्टी, दहा-पंधरा मिनिटं. गरम शेक नको. तंबाखूची चिमूट नको. आणि शेजारच्या मित्राकडे उरलेल्या अँटिबायोटिकच्या तीन गोळ्या तर अजिबात नकोत. ताप नाही, सूज पसरलेली नाही, तर बहुतेक वेळा अँटिबायोटिक लागतच नाही, आत अडकलेलं धुऊन काढावं लागतं. अर्धवट घेतलं तर जंतू शहाणे होतात आणि दाढ तशीच राहते.

एवढं झालं तर सकाळची वाट बघू नका

घोट गिळता येत नाही, लाळ गळते. श्वास घ्यायला जड जातंय. जबड्याखाली किंवा मानेवर कडक सूज आहे, जीभ वर उचलल्यासारखी वाटते. सूज डोळ्याकडे सरकतेय. थंडी वाजून ताप आहे. तोंडात एकच बोट जातंय. यांतलं काहीही असेल तर हा दंतवैद्याच्या सोयीनं होणारा विषय राहिला नाही. मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा : महाराजा यशवंतराव हॉस्पिटल, ज्याला सगळं शहर 'एम. वाय.' म्हणतं, किंवा जवळचं कुठलंही. रिक्षा मिळत नसेल तर १०८. दाढेचा पू मानेत उतरून श्वास अडल्याची उदाहरणं वैद्यकात नवी नाहीत.

माउथवॉश : कुठला, कधी आणि किती दिवस

दुकानात जाऊन "एक माउथवॉश द्या" म्हटलंत की समोर निळ्या-हिरव्या बाटल्यांची रांग येते. रंग बघू नका, पुदिना बघू नका, मागचं बारीक अक्षर वाचा. तिथे औषधाचं नाव असतं, आणि त्या नावावरून ही बाटली तुमच्या आजच्या दुखण्याची आहे की नाही ते ठरतं.

क्लोरहेक्सिडिन हे सुजलेल्या हिरडीचं खरं औषध. आपल्याकडे बहुधा ०.२ टक्क्यांचं मिळतं. याची गंमत अशी की ते दातांना आणि तोंडाच्या आवरणाला चिकटून बसतं आणि तासन्‌तास हळूहळू सुटत राहतं. म्हणून दिवसातून दोनदाच पुरतं. एका वेळी १० मिली, अर्धा ते एक मिनिट. पाणी घालायचं की नाही ते बाटलीवर असेल किंवा डॉक्टर सांगतील तसं. त्यानंतर अर्धा तास काही खाऊ-पिऊ नका, पाण्यानं चूळही भरू नका.

आता यातली सगळ्यांत सामान्य चूक. लोक घासून झालं रे झालं की लगेच हे तोंडात घेतात. टूथपेस्टमध्ये जो फेसाचा पदार्थ असतो तो क्लोरहेक्सिडिनला पकडून निकामी करतो. घासणं आणि हे औषध यांत निदान अर्धा तास जाऊ द्या. माझी सोय सांगते : सकाळी घासायचं, आंघोळ करायची, नाश्ता करायचा, साध्या पाण्यानं तोंड धुवायचं आणि बाहेर पडण्याआधी चूळ. रात्री जेवल्यावर घासायचं आणि निजताना चूळ.

दोन तोटे आहेत. जिभेची चव बिघडते, खारट तर नीटच कळत नाही. आणि दातांवर तपकिरी डाग पडतात. चहा-कॉफी पिणाऱ्यांचे जास्त पडतात, आणि या शहरात पोह्यांबरोबर चहा न पिणारा माणूस मला तरी अजून भेटायचाय. डाग कायमचे नसतात, डॉक्टर साफ करून देतात. पण म्हणूनच ही बाटली आठवडाभर, फार तर दोन आठवडे. "छान वाटतंय" म्हणून वर्षभर चालवायची नाही. क्वचित कुणाला याची अ‍ॅलर्जी असते. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले तर लगेच बंद आणि डॉक्टर.

पोव्हिडोन आयोडीन, ते तपकिरी घशाचं औषध, जंतू मारतं आणि चार दिवसांपुरतं चालतं. थायरॉइडचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी टाळावं.

बेंझिडामिन ०.१५ टक्के. हे जंतूंपेक्षा दुखण्यावर काम करतं, तोंड थोडं बधिर होतं. खाण्याआधी एकदा घेतलं तर दोन घास जातात. ज्यांना गोळ्या चालत नाहीत त्यांनी डॉक्टरांना याबद्दल जरूर विचारावं.

सीपीसी, लेबलवर सेटिलपिरिडिनियम क्लोराइड. रोजच्या वापराच्या सौम्य माउथवॉशमध्ये बहुधा हेच असतं. वास कमी होतो, दातावरचा थर थोडा कमी बसतो. सुजलेल्या झडपेला याच्या भरवशावर ठेवू नका.

सोडियम फ्लोराइड कीड टाळण्यासाठी, रोजच्या वापराचं सुमारे ०.०५ टक्के. आज ठणकणाऱ्या दाढेला याचा काही उपयोग नाही. पण सूज उतरल्यावर, ज्यांची अक्कलदाढ तिरकी आहे आणि मधल्या फटीत कीड धरायची भीती आहे, त्यांनी कायमची ठेवायची असेल तर ही बाटली ठेवावी. घासायची वेळ सोडून दुसऱ्या वेळी वापरा, नाहीतर पेस्टमधलं जास्त तीव्र फ्लोराइड धुऊन त्या जागी कमी तीव्र आणून बसवल्यासारखं होतं.

उरला झोंबणारा. थायमॉल, निलगिरी, मेंथॉल अशा तेलांचा, आणि ती तेलं विरघळावीत म्हणून त्यात अल्कोहोल. या प्रकारातलं सगळ्यांत जुनं नाव लिस्टरिन, १८७९ सालचं. शस्त्रक्रियेत जंतुनाशक वापरायचा पायंडा पाडणाऱ्या जोसेफ लिस्टर यांच्यावरून ते ठेवलं, आणि मुळात तोंडासाठी नव्हतंच. निरोगी तोंडात रोज वापरायला वाईट नाही. पण काही जातींत अल्कोहोल २० टक्क्यांच्या वर असतं. सोललेल्या, सुजलेल्या हिरडीला ते सोसत नाही आणि तोंड आधीच कोरडं असेल तर आणखी कोरडं पडतं. दुखणं असेपर्यंत 'अल्कोहोलविरहित' असं लिहिलेलीच बाटली घ्या. डॉक्टरांनी मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक लिहून दिलं असेल तर हे पथ्य दुप्पट, त्या गोळीवर अल्कोहोल चालत नाही.

थोडक्यात आज सूज असेल तर क्लोरहेक्सिडिन, अल्कोहोल नसलेलं, सात दिवस. पैसे कमी असतील तर नुसतं मीठ-पाणी. महिन्याच्या शेवटी खिशात शंभरही नाहीत म्हणून रडवेल्या झालेल्या एका मुलीला मी हेच सांगितलं होतं, आणि तिनं दिवसातून पाच वेळा इमानानं मिठाचं पाणी फिरवून डॉक्टरांच्या तारखेपर्यंत निभावलं.

खरेदी कुठेही करा, औषध तेच असतं. आरएनटी मार्गावरच्या दवा बाजारात जायची हौस असेल तर जा, पण तो मुळात घाऊक बाजार आहे, एका बाटलीसाठी सुजल्या गालानं त्या गर्दीत शिरण्यात शहाणपण नाही. घरात सहा वर्षांखालचं मूल असेल तर बाटली वर ठेवा. लहान मुलं थुंकत नाहीत, गिळतात.

पुढची पायरी : फोटो

सूज उतरली, दुखणं थांबलं. इथेच बहुतेक जण सोडून देतात, आणि दीड-दोन महिन्यांनी परीक्षेच्या आठवड्यात तीच झडप पुन्हा फुगते. दुखणं थांबलं म्हणजे दाढेनं जागा बदलली असं नाही.

एक्स-रे दोन प्रकारचे. एका दाताचा लहान, आणि सगळ्या जबड्याचा रुंद. रुंदाला ओपीजी म्हणतात. यंत्रासमोर उभं राहायचं, हनुवटी टेकवायची, यंत्र डोक्याभोवती फिरतं, दुखत नाही. त्यात चारही अक्कलदाढा, त्यांच्या मुळ्या आणि खालच्या जबड्यातून जाणाऱ्या नसेची नळी दिसते. हीच नस खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना देते, म्हणून मुळ्या तिच्या किती जवळ आहेत हे महत्त्वाचं. फारच जवळ दिसल्या तर डॉक्टर थ्री-डी स्कॅन सांगतात. तो विनाकारण नसतो, पण "का हवा?" हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

कुठे जायचं? खर्चाची काळजी असेल तर शासकीय दंत चिकित्सा महाविद्यालय, १९६१ पासूनचं, एम. वाय.च्या जवळ. सकाळी लवकर जा, पर्ची काढा, डबा आणि पाण्याची बाटली बरोबर ठेवा, कारण रांग असते. तपासणारे बरेचदा शिकाऊ डॉक्टर असतात आणि मागे प्राध्यापक उभे असतात. काहींना याची भीती वाटते. मला उलट बरं वाटतं, कारण एकाच तोंडात दोघं बघतात. खासगीत जायचं असेल तर दाढ आडवी किंवा हाडात रुतलेली असताना ती काढणारे 'ओरल सर्जन' कोण, ते रोज तिथेच असतात की ठरावीक वारी बाहेरून येतात, आणि एक्स-रे, औषधं, टाके काढणं धरून एकूण किती, हे आधी विचारा. इंदुरी माणूस भाव विचारल्याचा राग मानत नाही. न विचारल्याचंच त्याला नवल वाटतं.

काढायची की ठेवायची

प्रत्येक अक्कलदाढ काढायची नसते. सरळ आलेली, वरची-खालची नीट जुळलेली, ब्रश पोचतो अशी दाढ राहू द्या. आडवी असूनही काही त्रास न देणारी दाढ केवळ सावधगिरी म्हणून काढू नये, असं ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं २००० सालीच सांगितलंय. काढायची कारणं म्हणजे झडप वारंवार सुजणं, दुरुस्त न होणारी कीड, पुढची दाढ खराब होणं, गाठ. कधी कधी खालची ठेवून, झडपेवर चावणारी वरची दाढ काढली तरी काम भागतं. वरची काढणं बहुधा सोपं असतं, म्हणून हा पर्याय विचारून बघा.

एक जुनी भीती अजून ऐकू येते : वरची दाढ काढली की नजर जाते. रामबागेतल्या आजींचाही त्यावर ठाम विश्वास होता. डोळ्यानं दिसतं ते ज्या नसेमुळे, ती दातांकडे येतच नाही. आजींनी साठीनंतर चार दाढा काढल्या आणि शेवटपर्यंत सुईत दोरा ओवत होत्या.

सूज भरात असताना डॉक्टर काढायला तयार नसतील तर तो टाळाटाळ नव्हे. आधी धुऊन, सूज उतरवून काढणं सहसा सोपं जातं. त्या दिवशी पोटभर खाऊन जा, बधिर ओठानं पुढचे दोन-चार तास काही खाता येत नाही. परीक्षा किंवा प्रवास पुढच्या आठवड्यात असेल तर तारीख पुढे ढकला. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यांत जास्त असते, तेव्हा घाबरू नका.

काढल्यावर

कापसाची गुंडाळी अर्धा-पाऊण तास दाबून धरा. सारखं उघडून बघायचं नाही. पहिले २४ तास चूळ नाही, थुंकणं नाही, लाळ गिळायची. खड्ड्यात जी रक्ताची गुठळी धरते तीच त्या जागेची पट्टी. ती निघाली तर आतलं हाड उघडं पडतं आणि तिसऱ्या दिवसाच्या सुमारास दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढतं, कानात जातं, तोंडाला घाण वास येतो. तसं झालं तर वाट न बघता परत जा, औषध भरल्यावर लवकर थांबतं. बिडी-सिगरेट ओढणाऱ्यांना हे जास्त होतं. निदान तीन दिवस, जमलं तर आठवडाभर हात लावू नका.

दुसऱ्या दिवसापासून मिठाचं कोमट पाणी, पण खळखळ नाही. घोट तोंडात घ्या, मान डावी-उजवी कलती करा आणि तोंड उघडून बेसिनमध्ये नुसतं पडू द्या. क्लोरहेक्सिडिन कधीपासून, ते डॉक्टर सांगतील. ही बाटली आता परत उपयोगी पडते.

खाण्याचं इंदूर पहिल्या आठवड्यात कठीणच. सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात जायचं असेल तर मित्रांबरोबर चालायला जा. गराडू, कचोरी, शेव, भाजलेलं कणीस बंद. साबुदाण्याची खिचडी मऊ वाटते, पण तिचा दाणा खड्ड्यात बरोबर बसतो, म्हणून तीही नको. भुट्ट्याचं कीस मात्र दुधात शिजलेलं असतं. मिरची आणि मोहरी न घालता घरी केलं आणि गार करून खाल्लं तर चालतं. वरण-भात, दही-भात, मऊ खिचडी, दुध्याची गुरगुटी भाजी. 'छप्पन दुकान' या खाऊगल्लीत गेलात तर इथली शिकंजी मागवा. ती लिंबाची नसते, दाट दुधाची असते. पण तिच्यातला सुकामेवा काढायला सांगा आणि नळी परत द्या. नळीनं ओढलं की गुठळी निघते. चमच्यानं खा.

टाके न विरघळणारे असतील तर साधारण सातव्या दिवशी काढतात. त्याच भेटीत उरलेल्या तीन दाढांचं विचारून घ्या आणि ओपीजीचा मोबाइलवर स्वच्छ फोटो काढून ठेवा. तुम्ही उद्या पुण्याला नाहीतर बंगळुरूला जाल, मूळ फिल्म खोलीतल्या गादीखाली राहील. आणि क्लोरहेक्सिडिनची अर्धी बाटली उरली असेल तर टूथब्रशशेजारून उचलून औषधांच्या डब्यात ठेवा. समोर दिसली की हात जातोच, आणि महिन्याभरानं दात तपकिरी झाले म्हणून पुन्हा मलाच फोन येतो.